मस्कतची मोठी जामे मशीद: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

मस्कतला नोकरीनिमित्त आलेल्या, किंवा मुलगा-सून इथे आहेत म्हणून दोन-तीन महिने राहायला आलेल्या मराठी मंडळींना पहिल्याच आठवड्यात कोणीतरी सांगतं, "ग्रँड मॉस्क बघून या." पण कधी जायचं, काय घालायचं, आत गेल्यावर काय पाहायचं, हे बैजवार सांगणारं माणूस सहसा भेटत नाही. मग लोक सुट्टी आहे म्हणून शुक्रवारी सकाळी सहकुटुंब जातात आणि आल्या पावली परत फिरतात. किंवा साडेदहाला पोहोचतात, पंधरा मिनिटांत झुंबराचे फोटो काढतात आणि "बघितली" म्हणून मोकळे होतात. इतक्या विचारानं बांधलेली वास्तू अशी उरकून टाकलेली मला बघवत नाही. म्हणून हे सगळं क्रमानं लिहितो आहे. शुक्रवारच्या नमाजेला जाणाऱ्यांसाठी शेवटी वेगळा भाग आहे.

आधी थोडी ओळख

सुलतान काबूस बिन सईद १९७० मध्ये ओमानच्या गादीवर आले. राजधानीला साजेशी मोठी जामे मशीद उभारायचा निर्णय त्यांनी १९९२ मध्ये घेतला. १९९३ मध्ये आराखड्यांची स्पर्धा झाली, १९९५ मध्ये बांधकाम सुरू झालं आणि ४ मे २००१ रोजी मशिदीचं उद्घाटन झालं. तो दिवस शुक्रवार होता, आणि तसाच असायला हवा होता. गल्लोगल्लीच्या मशिदींत रोजच्या पाच नमाजा होतात, पण शुक्रवारी दुपारी आजूबाजूची सगळी वस्ती जिथे एकत्र येते, खुतबा म्हणजे इमामांचं प्रवचन ऐकते, ती जामे मशीद. मस्कत हे समुद्र आणि डोंगर यांच्या मधल्या पट्ट्यात लांबच लांब पसरलेलं शहर आहे. मशीद त्या पट्ट्यातल्या बौशर भागात, शहराच्या मुख्य रस्त्यालगत आहे.

ओमानमध्ये इबादी पंथाचं प्राबल्य आहे. हा पंथ सुन्नीही नाही आणि शियाही नाही, आणि साधेपणा हा त्याचा जुना बाणा. ओमानच्या खेड्यांत अजूनही जुन्या इबादी मशिदी दिसतात: मातीच्या भिंती, मिनार नाही, छतावर जाणाऱ्या जिन्यावर छोटीशी घुमटी, बस. जुन्या इबादी परंपरेत शुक्रवारची सामूहिक नमाजही गावोगाव होत नसे, काही ठरावीक मोठ्या शहरांतच होई. हे ठाऊक असलं की पाच मिनारांची ही मशीद पाहताना वेगळंच काही जाणवतं. भपका करायची सवय नसलेल्या लोकांनी, भरपूर पैसा हाताशी असताना, किती करायचं आणि कुठे थांबायचं हे ठरवलं आहे. बाहेरच्या भिंतींकडे पाहा. जवळजवळ सगळं एकाच रंगाच्या वालुकाश्मात आहे. हा दगड आपल्या भारतातून गेला, तोही तब्बल ३ लाख टन.

२०२० च्या जानेवारीत सुलतान काबूस गेले, तेव्हा ११ तारखेला त्यांच्या जनाज्याची नमाज याच मशिदीत झाली. इथल्या लोकांसाठी ही जागा पर्यटनस्थळ होण्याच्या कितीतरी आधी आपली मशीद आहे. तुम्ही पाहुणे म्हणून जाणार आहात, एवढं मनाशी धरलं तर पुढच्या बहुतेक सूचना सांगायचीही गरज उरत नाही.

पायरी १: दिवस आणि वेळ ठरवा

मुस्लिमेतर पाहुण्यांना शनिवार ते गुरुवार, सकाळी ८ ते ११ या वेळेत आत सोडतात. शुक्रवारी पाहुण्यांना प्रवेश नाही, ईदच्या दिवसांतही नाही. वेळा आणि प्रवेशाचे नियम मधूनमधून बदलतात, रमजानमध्ये तर हमखास. त्यामुळे आदल्या संध्याकाळी मशिदीच्या अधिकृत संकेतस्थळावर एकदा नजर टाका. दोन वर्षांपूर्वी जाऊन आलेल्या मित्राच्या भरवशावर राहू नका.

अकराला दरवाजे का बंद होतात, हा प्रश्न नेहमी येतो. मस्कतमध्ये दुपारच्या जुहरच्या नमाजेची वेळ वर्षभरात साधारण ११.५० ते १२.२० च्या दरम्यान फिरते. त्याआधी पाहुणे बाहेर पडून जागा आवरायला हवी. रखवालदार पावणेअकराला "चला, चला" करायला लागला तर राग मानू नका.

इथे आठवड्याची सुट्टी शुक्रवार-शनिवार असते. नोकरदारांना म्हणून शनिवारच सापडतो, आणि शनिवारी गर्दी असते. त्यावर उपाय एकच, आठ वाजता दारात हजर राहा. ऑक्टोबर ते एप्रिल या काळात मतरहच्या बंदरात प्रवासी जहाजं लागतात आणि त्यांच्या बसगाड्या नऊच्या सुमाराला इथे रिकाम्या होतात. आठ ते नऊ हा तास शांत असतो. घरी पाहुणे आलेले असतील आणि आठवड्यातला मधला दिवस मिळत असेल तर शनिवार सोडूनच द्या.

ऋतूचं म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. मे-जूनमध्ये सकाळी नऊलाच ऊन असं तापतं की पांढऱ्या संगमरवरी अंगणात डोळे उघडवत नाहीत. उन्हाळ्यातच जायचं झालं तर गॉगल आणि पाण्याची बाटली सोबत ठेवा, वयस्कर माणसांना सावलीच्या बाजूनं न्या.

पायरी २: कपडे

बहुतेकांची अडचण इथेच होते, त्यामुळे जरा सविस्तर.

बायकांनी केस पूर्ण झाकायचे, हात मनगटापर्यंत आणि पाय घोट्यापर्यंत झाकलेले हवेत, कापड पारदर्शक किंवा घट्ट नको. साडी कितीही सोज्वळ असली तरी चालत नाही, कारण पोट, पाठ आणि दंड उघडे राहतात. सगळ्यात सोपा उपाय आपल्या कपाटातच आहे: पूर्ण बाह्यांचा सैल पंजाबी ड्रेस, घोट्यापर्यंत सलवार आणि मोठी सुती ओढणी. ओढणी शिफॉनची किंवा जॉर्जेटची घेऊ नका. ती घसरते, आणि मग सगळा वेळ ती सावरण्यात जातो. दोन पिना लावून डोक्यावर पक्की करा. लेगिंग घालायचीच असेल तर कुडता चांगला लांब हवा. नऊवारी-सहावारीची सवय असलेल्या आई किंवा सासूबाई बरोबर असतील तर त्यांना हे घरीच शांतपणे समजावून सांगा. दारात सांगितलं की त्यांना ओशाळल्यासारखं होतं.

पुरुषांना पूर्ण लांबीची पँट हवी, बाह्यांचा शर्ट हवा. बर्मुडा, थ्री-फोर्थ, बनियनसारखे टी-शर्ट चालत नाहीत. मुलींचे फ्रॉक आणि मुलांच्या हाफ पँट घरीच बदला. दहा वर्षांखालच्या मुलांना मुख्य प्रार्थनागृहात सोडत नाहीत, असा इथला नियम आहे. मूल लहान असेल तर आई-बाबांनी पाळीपाळीनं आत जायची तयारी ठेवा. अंगण आणि कमानींखालची ओवरी मुलांना फिरायला पुरेशी मोठी आहे.

कपडे कमी पडले तर प्रवेशाजवळ अबाया, म्हणजे अंगभर सैल झगा, भाड्यानं मिळतो. त्यासाठी पैसे लागतात, ओळखपत्र ठेवून घेतात आणि गर्दीच्या वेळी रांगही लागते. आठच्या आठला पोहोचायचं आणि मग अबायाच्या रांगेत वीस मिनिटं घालवायची, यात काही अर्थ नाही. कपडे घरूनच नीट घालून निघा.

पायांत सहज काढता-घालता येतील अशा चपला किंवा बूट हवेत. पिशवीत मोजे टाका. आत चपला काढाव्या लागतात आणि एसीमुळे फरशी गार असते.

पायरी ३: पोहोचणं

सुलतान काबूस रस्ता हा मस्कतचा कणा. रुवीकडून विमानतळाकडे जाताना बौशरमधल्या गुब्रा इथे मशीद डाव्या हाताला दिसते, तिच्यामागे उघडेबोडके तपकिरी डोंगर. स्वतःची गाडी असेल तर पार्किंगची ददात नाही. टॅक्सीवाल्याला नुसतं "ग्रँड मॉस्क" म्हटलं तरी पुरतं. मीटरनं किंवा मोबाइल ॲपवरून टॅक्सी घेतलीत तर भाड्याची घासाघीस टळते. मवासलात या सार्वजनिक बससेवेच्या लाल बसही या रस्त्यावरून धावतात. बसनं येणाऱ्यांना एकच कळकळीची सूचना: मशिदीच्या बाजूला उतरवणारी बस कोणती, हे चढतानाच विचारून घ्या आणि हा रस्ता पायी ओलांडायचा विचारसुद्धा करू नका. गाड्यांचा वेग भयानक असतो.

पायरी ४: आधी मुख्य प्रार्थनागृह

आत शिरल्यावर बाग लागते, मग कमानी, मग अंगण. प्रत्येक ठिकाणी फोटोचा मोह होईल. थांबू नका. बागा आणि कमानी अकरापर्यंत तिथेच आहेत, पण मुख्य प्रार्थनागृहातली शांतता नऊनंतर मिळायची नाही. म्हणून आधी सरळ तिकडे चला आणि बाकीचं परत येताना पाहा.

दाराबाहेर चपलांची मांडणी आहे. तिथे चपला ठेवा, कुठल्या खणात ठेवल्या ते लक्षात ठेवा, मोबाइल सायलेंटवर टाका. आत पाहुण्यांच्या चालण्यासाठी गालिच्यावर निळी पट्टी अंथरलेली आहे आणि बाजूनं दोरी आहे. त्या पट्टीवरूनच चालायचं.

मुख्य मुसल्ला, म्हणजे पुरुषांचं प्रार्थनागृह, चौरस आहे, ७४.४ मीटर बाय ७४.४ मीटर. इथे एका वेळी साडेसहा हजार माणसं नमाज पढू शकतात. अंगण, ओवऱ्या आणि बायकांचा मुसल्ला धरून आवारात २० हजारांची सोय होते. डोक्यावरच्या घुमटाची उंची जमिनीपासून ५० मीटर.

माणसं आत आल्याबरोबर वर बघतात, कारण मधोमध ते प्रसिद्ध झुंबर आहे. १४ मीटर उंच, स्फटिकांचं, ११२२ दिवे असलेलं. वर बघाच. पण मान खाली घालून गालिचाही तितक्याच निवांतपणे बघा. माझं प्रामाणिक मत असं की या दालनातली सर्वांत मोठी गोष्ट पायाखाली आहे.

गालिचा इराणमध्ये विणला गेला. खोरासान प्रांतातल्या सुमारे ६०० बायकांनी हातानं घातलेल्या १७० कोटी गाठी त्यात आहेत. लांबी-रुंदी साधारण ७० मीटर बाय ६० मीटर, वजन २१ टन. सगळं काम पुरं व्हायला चार वर्षं लागली. एवढा मोठा गालिचा एकाच मागावर विणणं शक्य नव्हतं, म्हणून ५८ तुकडे विणून इथे आणून जोडले. ते जोड शोधून पाहा. सापडत नाहीत. रंग २८ प्रकारचे आहेत, बरेचसे वनस्पतींपासून केलेले. नक्षी तब्रिझ, काशान आणि इस्फहान इथल्या जुन्या गालिच्यांच्या परंपरेतली.

पट्टीच्या कडेला उभं राहून वाका आणि दोरीपलीकडच्या एका हातभर जागेकडेच बघत राहा. वेल एका फुलापाशी येते, दुभंगते, दोन्ही फांद्या वेगवेगळ्या पानांत शिरतात आणि पुन्हा कुठेतरी जुळतात. मग दालनाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन तोच गालिचा उलट दिशेनं बघा. लोकरीच्या केसांचा कल बदलतो आणि अख्ख्या दालनाचा लाल रंग एका छटेनं गडद किंवा फिका होतो. हे फोटोत येत नाही. २००१ मध्ये हातानं विणलेला हा जगातला सर्वांत मोठा गालिचा होता. पुढे २००७ मध्ये अबू धाबीची शेख झायेद मशीद उघडली आणि तो मान तिकडच्या गालिच्याकडे गेला. त्यानं मला तरी काही फरक पडत नाही.

समोरची भिंत किब्ल्याची, म्हणजे नमाज पढताना तोंड करायच्या मक्केच्या दिशेची. मक्का मस्कतहून जवळजवळ थेट पश्चिमेला येते. आपल्या महाराष्ट्रातही मशिदींचा रोख पश्चिमेकडेच असतो, त्यामुळे दिशा ओळखीची वाटेल. त्या भिंतीत मधोमध सोनेरी कडांची, चमकत्या फरशांची खोल कमान म्हणजे मेहराब. इमाम तिच्यापुढे उभे राहून नमाज पढवतात. शेजारी मिंबर, जिथून शुक्रवारी खुतबा दिला जातो. वर लाकडी छताकडेही लक्ष द्या. त्याची बांधणी ओमानच्या जुन्या किल्ल्यांतल्या छतांवरून सुचलेली आहे. पुढे कधी निझवा किंवा जबरीनचा किल्ला पाहायला गेलात तर तिथे वर बघितल्यावर लगेच ओळख पटेल.

आत कसं वागायचं हे थोडक्यात सांगतो. फोटो काढायला हरकत नसते, पण कोणी नमाज पढत असेल तर त्याचा फोटो काढू नका आणि त्याच्या समोरून जाऊ नका. फळीवरच्या कुराणाच्या प्रतींना हात लावू नका. नवरा-बायकोनं गळ्यात हात टाकून फोटो काढणं, उड्या मारणं, आडवं पडून घुमटाचा फोटो घेणं, हे टाळा. ड्रोन आणि ट्रायपॉड घरीच ठेवा. आवाज आपोआप कमी होतो, पण लहान मुलं दालनातला प्रतिध्वनी ऐकून ओरडून पाहतात, तेवढं सांभाळा.

पायरी ५: बायकांचा मुसल्ला

बाहेर आल्यावर बायकांचा मुसल्ला पाहा. तो पाहुण्यांना, पुरुषांनासुद्धा, भेटीच्या वेळेत उघडा असतो. इथे ७५० जणींची सोय आहे. मुख्य दालनाच्या मानानं फार लहान, कारण शुक्रवारच्या नमाजेला मशिदीत येणं पुरुषांवर बंधनकारक आहे, बायकांवर नाही. खोली साधी आहे. गुलाबी छटेच्या दगडाची जडणघडण नाजूक आहे. झुंबर पाहून आल्यावर इथे डोळ्यांना विसावा मिळतो.

पायरी ६: रिवाक, आणि इथे वेळ द्या

बहुतेक लोक मुख्य दालन पाहून निघतात, आणि मशिदीचा माझ्या सर्वांत आवडीचा भाग पाहायचा राहून जातो. उत्तर आणि दक्षिण अशा दोन बाजूंना लांबलचक कमानींच्या ओवऱ्या आहेत. त्यांना रिवाक म्हणतात. त्यांच्या भिंतींत ठरावीक अंतरावर कोनाडे आहेत, आणि कोनाड्यागणिक इस्लामी जगातल्या एकेका प्रदेशाची नक्षी मांडली आहे. कुठे तुर्की उस्मानी काळातल्या निळ्या-पांढऱ्या फरशा, कुठे मोरोक्को आणि अंदलुसियाकडची भूमितीची कोडी, कुठे इजिप्तच्या मामलुकांची धाटणी, कुठे इराणी, कुठे मध्य आशियाची.

मुघल धर्तीचा कोनाडा आपल्याला शोधावा लागत नाही. फुलं, देठ, पाकळ्या, दगडातली नाजूक जडावट. आग्रा किंवा औरंगाबाद पाहिलेल्या माणसाचे पाय तिथे आपोआप थांबतात. एका इबादी देशानं सगळ्या मुसलमान मुलखांचं काम एकाच भिंतीवर शेजारी शेजारी मांडलं, आपल्या परंपरेला त्यात वेगळं सिंहासन दिलं नाही, याचं मला फार अप्रूप वाटतं. कोनाडे पाहायचा सोपा मार्ग असा: एका रिवाकाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न थांबता चाला, मग परत येताना आवडलेल्या तीन-चार कोनाड्यांसमोर उभं राहा. सगळेच बारकाईनं पाहायला गेलात तर डोळे थकतात.

रिवाकाच्या कमानींतून बाहेर बघितलं की मिनार दिसतात. मिनार पाच आहेत, इस्लामच्या पाच आधारस्तंभांची आठवण म्हणून. मुख्य मिनार सुमारे ९० मीटर उंच आहे, आवाराच्या चार कोपऱ्यांवरचे चार त्याच्या निम्म्या उंचीचे. घुमट लांबून नुसता सोनेरी दिसतो. जवळ आल्यावर कळतं की वर सोनेरी जाळी आहे आणि तिच्याखाली आतला घुमट. फोटो काढायला सकाळी नऊच्या आसपासचं तिरकं ऊन चांगलं. दहानंतर दगड पांढराफटक दिसू लागतो.

वाटेत वजूची, म्हणजे नमाजेआधी हात-पाय-तोंड धुण्याची जागा लागते, नळांच्या आणि दगडी बैठकांच्या ओळी. ती नमाजींसाठी आहे, पाय धुवायला तिथे जाऊ नका. आवारात एक ग्रंथालयही आहे, त्यात सुमारे २० हजार ग्रंथ आहेत.

पायरी ७: कहवा घ्या, बसा, विचारा

निघण्याआधी आवारातल्या इस्लामी माहिती केंद्रात जा. तिथले स्वयंसेवक पाहुण्यांना बसवून खजूर आणि कहवा देतात, हवी असतील तर पुस्तिका देतात. "आपल्याला धर्म शिकवतील की काय" अशी भीती बाळगून मराठी लोक तिथून काढता पाय घेतात. तसं काही होत नाही. तुम्ही विचाराल तेवढंच ते सांगतात, आणि ओमानी माणसाशी निवांत बोलायची अशी संधी ऑफिस-घर करणाऱ्या आपल्यासारख्यांना फारशी मिळत नाही.

कहव्याची रीत समजून घ्या. कपाला कान नसतो, आकार आपल्या नैवेद्याच्या वाटीएवढा. उजव्या हातानं घ्यायचा. कहवा वेलदोड्याचा आणि बिनसाखरेचा असतो, त्यामुळे आधी खजूर खायचा, मग घोट घ्यायचा. कप रिकामा करून नुसता पुढे धरलात तर तो पुन्हा भरला जातो. पुरे झालं की कप हातात हलकेच डावी-उजवीकडे हलवून परत द्यायचा, म्हणजे वाढणारा समजतो. उठताना "शुक्रन" म्हणा.

प्रश्न मोकळेपणानं विचारा, फक्त सूर तपासाचा नको. बायकांची जागा वेगळी का, इबादी म्हणजे कोण, अरबी येत नसलेले लोक नमाज कशी पढतात, असल्या प्रश्नांची त्यांना सवय आहे.

रमजानमध्ये गेलात तर अर्थातच दिवसा कहवा नसतो, आणि तुम्हीही आवारात किंवा रस्त्यावर उघड्यावर काही खाऊ-पिऊ नका, पाणीसुद्धा. मुस्लिमेतरांनाही हा नियम लागू आहे.

शुक्रवारी नमाजेला जाणाऱ्यांसाठी

रत्नागिरी, चिपळूण, महाड, श्रीवर्धनकडचे कितीतरी कोकणी मुसलमान आखाती देशांत नोकरी करतात, ओमानमध्येही. नव्यानं आलेल्या भावांसाठी चार गोष्टी.

लवकर निघा. अजान होईपर्यंत घरी थांबलात तर आतल्या दालनात जागा मिळेलच असं नाही, आणि अंगणात उन्हाळ्यात उभं राहणं कठीण. घरून वजू करून निघालात तर तिथला वेळ वाचतो. गाडी लावताना दुसऱ्याची वाट अडवू नका. नमाज सुटल्यावर सगळ्या गाड्या एकदमच निघतात आणि मग एकाच्या चुकीनं शंभर जण अडकतात.

खुतबा अरबीत असतो. त्याचा मजकूर अवकाफ (वक्फ) आणि धार्मिक व्यवहार मंत्रालयाकडून येतो. खुतबा चालू असताना बोलायचं नाही, शेजाऱ्याला गप्प बसवण्यासाठीसुद्धा नाही, हे आपल्याकडेही शिकवतातच.

कोकणी मुसलमान बहुतेक शाफई या सुन्नी परंपरेचे आहेत, इथला इमाम बहुधा इबादी असतो. त्यामुळे फरक दिसेल. इबादी नमाजेत हात बांधत नाहीत, दोन्ही बाजूंना सरळ सोडतात. तकबीर म्हणताना हात वर नेत नाहीत. फातिहा संपल्यावर मोठ्यानं आमीन म्हणत नाहीत, त्यामुळे तिथे तुमचा एकट्याचाच आवाज घुमू शकतो, तेवढं लक्षात असू द्या. बाकी तुम्ही तुमच्या पद्धतीनं हात बांधून उभे राहिलात तरी कोणी वळून बघत नाही. एकाच रांगेत इबादी, शाफई आणि हनफी ही दुसरी सुन्नी परंपरा मानणारे खांद्याला खांदा लावून उभे असतात आणि ओमानी लोकांना त्यात काही विशेष वाटत नाही. कोणाची पद्धत बरोबर यावर चपलांच्या मांडणीपाशी वाद घालणारे दिसलेच, तर ते बाहेरून आलेलेच असतात.

गावाकडचं माणूस भेटण्याची जागा म्हणूनही शुक्रवारचं महत्त्व मोठं. सहा दिवस साइटवर राबणाऱ्या पोराला आपल्या बोलीत कोणीतरी "कसो हायस" असं विचारतं, ते इथेच. नमाज झाल्यावर लगेच पळू नका, दहा मिनिटं अंगणात थांबा.

इथेच राहणाऱ्यांसाठी थोडं आणखी

तुमच्या घराजवळच्या मशिदीत मात्र असं पाहायला म्हणून जाऊ नका. ओमानमध्ये मुस्लिमेतरांसाठी मोजक्याच मशिदी उघड्या आहेत, त्यात सलालाची सुलतान काबूस मशीदही आहे. पावसाळ्यात सलालाला गेलात तर तिच्या वेळा पाहून जा.

शुक्रवारी दुपारी दुकानं बंद असतात आणि जामे मशिदींजवळचे रस्ते तुंबतात. वाणसामान आणि औषधं गुरुवारी रात्रीच आणून ठेवा, विमानतळावर कोणाला सोडायचं असेल तर दुपारी बारा ते दीड ही वेळ टाळा.

गावाहून आलेल्या पाहुण्यांना घेऊन जाणार असाल तर सकाळी मशीद आणि मग त्याच रस्त्यावरचं, २०११ मध्ये सुरू झालेलं रॉयल ऑपेरा हाऊस, असा बेत जमतो. दोन्हीकडचं दगडकाम एका दिवसात पाहून होतं. मतरहचा सूक, म्हणजे जुना बाजार, मात्र त्याच दिवशी सकाळी कोंबू नका. तो संध्याकाळी पाचनंतर, दिवे लागल्यावर करा.